भर दुपारी गावात कोण असतं? वर्धा जिल्ह्यातल्या एका आगीचा प्रकरण अभ्यास

एप्रिलचा दुसरा आठवडा. गावातल्या एका पोराचं लग्न होतं. सकाळीच तीन टेम्पो आणि एक ट्रॉली भरून वऱ्हाड निघून गेलं. सकाळची शाळा सुटून लेकरं घरी आलेली, पारा 44 च्या पुढे, आणि बाराच्या सुमारास वीज गेली. साडेबाराच्या आसपास खालच्या वस्तीतल्या एका कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, गंजीतून धूर निघू लागला. मी अडीचला पोहोचलो तोवर पाच गोठे आणि दोन घरं राख झाली होती. एक गाय आणि दोन वासरं दाव्याला बांधलेल्या जागीच जळाली होती. माणूस दगावला नाही, हे आमचं नशीब.

मी या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. त्या दिवशी शाळा सुटल्यावर केंद्रावर बैठकीला गेलो होतो. त्यानंतर वर्षभर या आगीमागे लागून आम्ही गावात जे केलं, जे जमलं आणि जे जमलं नाही, ते इथे मांडतो आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यात एका घरातली नाजूक गोष्ट सांगावी लागणार आहे.

त्या दुपारी नेमकं काय झालं

आठवडाभर घरोघरी बसून मी त्या दोन तासांचा हिशेब लावला. सोयाबीन, तूर, हरभरा मळून झाला की उरलेलं कुटार आमच्याकडे घराला लागूनच रचतात. ढोरांना टाकायला जवळ पडतं आणि राखण करावी लागत नाही. त्याच्या शेजारी चुलीसाठी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग. गोठ्याच्या भिंती म्हणजे तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे कुड, वर शेणमाती लिंपलेली. म्हणजे गंजीपासून माजघरापर्यंत जळणाची एक सलग ओळच. एप्रिलमध्ये या सगळ्यातला ओलावा पार निघून गेलेला असतो. हात घातला तर कुटार कागदासारखं वाजतं.

वीज नसल्यामुळे बोअरच्या मोटारी बंद. खालच्या वस्तीत हातपंप एकच. पहिला फोन गेला सरपंचांना, ते मंडपात, बँडच्या आवाजात त्यांना ऐकूच आलं नाही. दुसरा, तिसरा फोन नातेवाइकांना. 112 लावायचं सुचलं ते रस्त्यावरून जाणाऱ्या एका दुधवाल्याला, तोवर पंचवीसेक मिनिटं गेली होती. पुढे आणखी एक घोटाळा झाला. आमच्या नावाचं दुसरं एक गाव याच तालुक्यात आहे, आणि अग्निशमन दलाची गाडी आधी तिकडे वळली. ती आमच्याकडे पोहोचली तेव्हा विझवण्यासारखं फार उरलं नव्हतं.

लेकरं आगीपासून दूर पळाली नाहीत, आग बघायला धावली. दुसरीतला एक मुलगा मात्र घाबरून घरातच लपला. कुठे? तर कापसाच्या ढिगामागे. भाव वाढेल या आशेने गावातली कितीतरी घरं एप्रिल उजाडला तरी कापूस विकत नाहीत. एक खोली कापसानं भरलेली आणि दुसरीत सगळं कुटुंब, असा संसार चालतो. शेजारच्या आजोबांना त्याचा खोकला ऐकू आला म्हणून तो वाचला. ती खोली थोड्याच वेळात पेटली.

गोठ्यातल्या गाईला लोखंडी साखळी होती. वासरांना नायलॉनचं दावं होतं. जनावर घाबरून ओढायला लागलं की नायलॉनची गाठ दगडासारखी घट्ट बसते. सत्तरीच्या एका बाबाजींनी ती सोडवायचा प्रयत्न केला, बोटं भाजली आणि त्यांना मागं सरावं लागलं. त्या वासरांचा आवाज ते अजून विसरलेले नाहीत.

एका मावशीचे दोन्ही हात पत्र्याची पेटी ओढताना भाजले. शेजारणीनं तातडीनं टूथपेस्ट फासली, मनापासून, मदत म्हणूनच. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरला ती सगळी पेस्ट धुऊन काढावी लागली. त्या वेळी मावशी जे ओरडल्या ते मला बाहेर रस्त्यावर ऐकू आलं.

पहिला कार्यक्रम

दोन आठवड्यांनी आम्ही अग्निसुरक्षेचा कार्यक्रम ठेवला. मंडप, खुर्च्या, बॅनर, लाल सिलिंडर. तालुक्याहून आलेल्या गृहस्थांनी कळकळीनं माहिती दिली. ट्रेमध्ये डिझेल पेटवून पांढऱ्या भुकटीनं विझवून दाखवलं. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, काय लक्षात राहिलं? तर धुराळा. पांढरा धुराळा. गावात तसलं सिलिंडर एकाही घरात नाही, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पण मला खरी टोचणी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. संध्याकाळी सहाला खुर्च्यांवर बसलेले चेहरे मी आठवू लागलो. सगळे तिशी ते पन्नाशीतले पुरुष. आग लागली त्या दुपारी यांतला एकही गावात नव्हता. आणि जे गावात होते, म्हातारी माणसं, लेकरं, दोन बाळंतिणी, त्यांच्यातलं त्या मंडपात कोणीच नव्हतं.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. शाळा उघडल्यावर पाचवी ते सातवीच्या मुलांना मी एक काम दिलं. दुपारी एक वाजता गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचं आणि आत्ता घरात कोण आहे ते वहीत लिहायचं. पेरणीचे दिवस होते. दीडशेच्या वर उंबरठे, त्यातल्या बऱ्याच घरांना कुलूप, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक घरांत एखादी आजी किंवा आजोबा आणि त्यांच्या भरवशावर सोडलेलं लेकरू. काही घरांत नुसती लेकरंच. ही वही मी ग्रामपंचायतीत नेऊन ठेवली. आग कोणाला शिकवायची याचं उत्तर त्या वहीत होतं.

राख

आग कशानं लागली? पंचनाम्यात 'अज्ञात कारण' लिहिलं गेलं. गाव एका तोंडानं 'शॉर्ट सर्किट' म्हणत होतं. मलाही ते पटलेलं होतं, जोवर मी त्या दुपारचा हिशेब कागदावर मांडला नव्हता तोवर. वीज तर बाराला गेलेली. तारांत प्रवाहच नाही तर ठिणगी कुठून?

आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. म्हातारी मंडळी न चुकता येतात. प्रार्थनेनंतर दहा मिनिटं मी तिथे बसू लागलो. भाषण नाही. रोज एकच प्रश्न. चूल विझली हे कसं ओळखता? कंदील असताना आग लागायची का? तेव्हा गंज्या कुठे रचायचे? त्यांना आगीबद्दल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं, आणि आजवर ते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

एका संध्याकाळी मी विचारलं की वीज गेलेली असताना शॉर्ट सर्किट झालं कसं. कोणी काही बोललं नाही. उठताना एक आजी माझ्याजवळ आल्या, पदर चाचपत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तर, थे राख माह्या हातची होय."

सकाळचा स्वयंपाक आटोपून अकराच्या सुमारास त्यांनी चुलीतली राख उकिरड्यावर टाकली होती. वरून हात लावून पाहिली, थंड होती. वर्षानुवर्षं त्या असंच करत आल्या होत्या. उकिरड्यापासून गंजी चार पावलांवर.

राखेचं हेच कपट आहे. राख निखाऱ्यावर पांघरूण घालते. हवा पोहोचत नाही म्हणून निखारा भडकत नाही, आणि ऊब बाहेर जात नाही म्हणून तो मरतही नाही. रात्री राखेत पुरलेल्या इस्तवावर सकाळी चूल पेटवणाऱ्या बायांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. दुपारी वावटळ आली, पांघरूण उडालं, निखाऱ्याला हवा मिळाली आणि बाजूला कुटार होतंच. आग लागायला ऊब, जळण आणि हवा तिन्ही लागतात. त्या दुपारी तिन्ही चार पावलांत होती.

त्या वेळी तिथे बसलेल्यांत गोठा गेलेला एक माणूस होता. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्याच्या शेजारी बसलेले बाबाजी म्हणाले, "माह्या घरची राखबी तिथंच पडते न बाप्पा." मग दुसरी एक बाई बोलली. तिसरी बोलली. त्या माणसानं बराच वेळ मान वर केली नाही. जाताना तो आजींना घरापर्यंत सोडायला गेला.

माझ्या मते आमच्या गावातलं अग्निशिक्षण त्या संध्याकाळी सुरू झालं. आगीचं खरं कारण लाजेपोटी दडपलं जातं, आणि कारण दडलं की शिकवायला काही उरत नाही. शॉर्ट सर्किट म्हटलं की दोष तारेचा, मग आपण करायचं काय? गावात आगीबद्दल काही सुरू करायचं असेल तर आधी न लाजता बोलता येईल अशी जागा करावी लागते. त्या आजींनी ती करून दिली, आणि त्याची किंमत त्यांनी एकट्यानं मोजायची तयारी ठेवून केली.

मी लगेच म्हणालो, मग चुलीत पाणी टाकून राख विझवत जा. सगळ्या बाया एकदम मागे सरल्या. चुलीत पाणी टाकणं अशुभ. माझं चुकलंच होतं. वाट काढली ती पुन्हा आजींनीच. "चुलीत नाई टाकत. राख घमेल्यात काढाची अन् घमेल्यात पानी टाकाचं. चूल कोरडी रायते." आता खालच्या वस्तीत बहुतेक दारांत एक जुनं घमेलं दिसतं. राख आधी त्यात, वरून तांब्याभर पाणी, काडीनं ढवळायची, आणि दुसऱ्या दिवशीच उकिरड्यावर. म्हातारी माणसं ते करतात आणि शेजारच्या घमेल्यावरही नजर ठेवतात.

ज्याच्या त्याच्या वयाचं काम

अंगणवाडी ते दुसरीच्या लेकरांसाठी आम्ही दोनच गोष्टी धरल्या. काडेपेटी दिसली तर हात न लावता मोठ्या माणसाला सांगायचं. आणि आग दिसली की लपायचं नाही, वडाच्या पाराकडे पळायचं. त्या मुलाच्या कापसामागे लपण्यानं मला हादरवलं होतं. लहान लेकरू भीती वाटली की अंधारात, खाटेखाली, कोपऱ्यात शिरतं, आणि धुरानं भरलेल्या घरात ते शोधणाऱ्याला सापडत नाही. हे त्याला सांगून उपयोग नसतो, त्याच्या पायांना सवय लावावी लागते.

अंगणवाडीताईंनी एक युक्ती केली. एक काळपट जुनी साडी घेतली, दोघी आयांनी दोन टोकं धरली, लेकरांच्या कमरेइतकी खाली. ही साडी म्हणजे धूर. साडीला डोकं लागलं की बाद. लेकरं हातागुडघ्यांवर रांगत खालून पार व्हायची आणि पाराकडे धूम ठोकायची. धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते, हे त्यांना समजावून सांगावं लागलंच नाही. तीन वर्षांच्या पोरीसुद्धा पहिल्या दिवशी शिकल्या. कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही, थांबायचं, तोंड झाकून जमिनीवर पडायचं आणि लोळायचं, हेही खेळातूनच आलं.

तिसरी ते सातवीची मुलं आमच्या गावाचा फोन झाली. प्रत्येकानं 112 ला काय सांगायचं ते तोंडपाठ केलं. गावाचं पूर्ण नाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून वळायचं, वळल्यावर कोणतं देऊळ लागतं, काय पेटलंय, आत कोणी अडकलंय का. एक मूल बंद फोनवर बोलायचं, दुसरं समोरचा माणूस होऊन उलटसुलट प्रश्न विचारायचं. "त्या नावाची दोन गावं आहेत, कोणतं?" हा प्रश्न ठरलेलाच. मजा म्हणून खरा फोन लावला तर कोणाच्या तरी घरची गाडी अडते, हेही त्यांनीच एकमेकांना बजावलं. हाच मजकूर आम्ही शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला, सोबत गॅसगळतीसाठी 1906, विजेसाठी 1912 आणि रुग्णवाहिकेसाठी 108.

बायांची बैठक बचत गटात झाली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, ती बातमी त्यांच्या मनात अजून ओली होती. लहान लेकरांच्या आया त्या ओढीनं आल्या. उज्ज्वला योजनेनं घरात सिलिंडर आलं, पण चूल गेली नाही. कितीतरी घरांत पेटत्या चुलीपासून दोन हातांवर सिलिंडर उभं होतं. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जातो. वास आला तर विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, आच बंद करून ताटानं झाकायचं. कापसाच्या खोलीतला दिवा आणि मोबाइलचा चार्जर काढून टाकायचा, हे मात्र बायांनी स्वतःहून ठरवलं.

हात भाजलेल्या मावशीच त्या बैठकीत उभ्या राहिल्या. व्रणांचे हात पुढे करून त्यांनी सांगितलं, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. बांगड्या लगेच उतरवा, सुजल्यावर निघत नाहीत. वीस मिनिटं साध्या पाण्याच्या धारेखाली धरा आणि स्वच्छ फडकं सैल गुंडाळून दवाखाना गाठा. माझ्या शंभर तासिकांपेक्षा ते जास्त पोहोचलं.

तरुण आणि कर्ते पुरुष सगळ्यांत अवघड गेले. धुरे, म्हणजे शेताचे बांध, जाळण्यावरून वाद झाले. शेवटी एवढं ठरलं की धुरा सकाळी, वारा नसताना, कडेनं नांगराची एक सरी मारून आणि दोन माणसं उभी ठेवूनच पेटवायचा. फवारणीचे पंप मात्र घरोघरी आहेत. एकेक धुऊन, पाणी भरून पार आणि शाळा या दोन ठिकाणी उन्हाळाभर ठेवायचा, ही कल्पना पोट्ट्यांची. पाठीवरच्या पंपात पंधरा-सोळा लिटर पाणी मावतं, वीज लागत नाही, आणि सुरुवातीची आग असेल तर तेवढं बरंच काही करतं. विषारी औषधाचा पंप यासाठी वापरायचा नाही, त्याला लाल पट्टी.

बाबाजींच्या सांगण्यावरून प्रत्येक गोठ्याच्या दाराशी खिळ्याला एक विळा टांगला. साखळ्या काढून दावी आली, टोक ओढताच सुटणाऱ्या सरकगाठीची. विळ्याला हात लावायचा तो फक्त दावं कापायला.

पुढचा मार्च

होळीनंतरच्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, माणसं गव्हाच्या कापणीला गेलेली असताना एका गोठ्यात पुन्हा आग लागली. डासांसाठी गोवरीची धुरी ठेवलेली, ती गाईच्या पायानं लवंडली. पाचवीतल्या मुलीनं 112 लावला आणि दोन गावांचा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिलं. बाबाजींनी विळ्यानं दोन्ही दावी कापली. लहान लेकरं पाराशी जमली, आणि एका आजोबांनी त्यांना मोजलं. शाळेतला पंप नेला, गोठ्याचं अर्धं छप्पर आणि थोडं कुटार गेलं, शेजारच्या घराला झळ लागली नाही. आग विझल्यावर पाऊण तासानं गाडी आली.

सगळं नीट झालं असं नाही. पाराजवळचा पंप रिकामा निघाला, कोणीतरी पाणी भाजीला वापरलं होतं. एक तरुण मोबाइलवर चित्रीकरण करत उभा राहिला. आणि नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून काही न कळून घरातच बसून राहिली. वर्षभरात आम्ही सगळ्या वयांना शिकवलं होतं, पण गावात नवी येणारी माणसं विसरलो होतो. आता लग्नानंतर सासूनं पहिल्या आठवड्यात सुनेला पार, घमेलं आणि विळा दाखवायचा, असं बचत गटानं ठरवलं आहे. वीटभट्टीवर हंगामी येणाऱ्या कुटुंबांपर्यंत आम्ही अजून गेलेलो नाही.

त्याच वर्षी 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीनंतर, विहारासमोर पोरांनी पंपाचं आणि साडीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. अख्खं गाव जमलेलं असतं असा दुसरा दिवस नाही. 14 एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिनही आहे. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला लागलेली आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्या जहाजात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठी होत्या. हे सांगितलं तेव्हा मागे बसलेले शेतकरी पुढे सरकले. कापूस आतल्या आत कसा धुमसतो ते त्यांना ठाऊक आहे.

गंज्यांचा प्रश्न मात्र राहिला. ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी गंजी घरापासून लांब नेली. तीन घरांकडे घराच्या जागेपलीकडे हातभर जमीन नाही, त्यांना कितीही शिकवलं तरी कुटार नेणार कुठे? गायरानातला एक तुकडा सामायिक गंज्यांसाठी द्यावा असा अर्ज त्या तीन घरांनी केला आहे, खाली आजींचाही अंगठा आहे. 1 मेच्या ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर तिसरा आहे.